नारिंगी उजेड कुणाकडे गेला

३ नोव्हेंबर, सोमवार

आज उजेडाने आमचं ऐकलं! सगळा नाही, पण बराचसा एका दिशेने बाहेर पडला.

नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. काचेच्या कुपीत नेहमीचंच होतं. गुलाबी रंगाचं द्रावण, त्यात चिमूटभर पांढरी पावडर, भिंतीच्या रंगात घालतात तीच. समोरून हिरव्या लेसरचा झटका मारला की द्रावण नारिंगी पेटतं. साध्या लेसरला दोन आरसे लागतात. त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत उजेड वाढतो आणि सरळ रेषेत बाहेर येतो. आमच्याकडे आरसेच नाहीत. उजेड पावडरीच्या कणांवर आपटत, भरकटत वाढतो आणि वाट फुटेल तिकडे निघून जातो. म्हणून रँडम लेसर. लेसर आहे पण शिस्त नाही, असं मी बाबांना सांगते. बाबा म्हणतात, मग तुझ्यावरच गेलाय.

आतापर्यंत हिरवा ठिपका गोल आणि सगळीकडे सारखा टाकायचो. आज पावडर कमी केली. ठिपक्याची आडवी लांब पट्टी केली. आणि वाटेत एक काच घातली — एका टोकाला गडद, दुसरीकडे फिकट होत जाणारी. म्हणजे पट्टीचा एक भाग जास्त पेटणार, एक कमी. गेन, म्हणजे उजेड वाढवण्याची द्रावणाची ताकद, मुद्दामच असमान. अर्धी भोकं बुजलेल्या शेगडीवर भाकरी भाजावी तसा प्रकार. भाकरी वाया गेली असती, पण आमचा उजेड पट्टीच्या लांबीने धावत सुटला आणि उजवीकडे बाहेर पडला, थेट कॉम्प्युटरच्या टेबलाकडे.

तिथे माझ्याच लॅबमधला सम्यक बसला होता. त्याच्या पांढऱ्या शर्टावर नारिंगी डाग थरथरत होता. तो म्हणाला, "दीप्ती, झकास यार! पेटवलंस मला." मी टाळ्या वाजवल्या. पाच वर्षांच्या पीएचडीत टाळ्या वाजवायची ही पहिलीच वेळ असेल.

५ नोव्हेंबर

सुबोध सर आले, पाहिलं, हातातला चहा तिथेच ठेवून खुर्ची ओढून बसले. आमचे गाइड एरवी प्रयोगशाळेत उभ्याउभ्याच बोलतात. म्हणाले, डिसेंबरच्या आत पेपर पाठवायचा. मी आलेख काढून दिला — कुपीभोवती कुठल्या दिशेला किती उजेड. मीटर उजव्या बाजूनेच फिरवलाय. डावीकडे मीटर लावायला जागा नाही, तिथे कुपी सरकवायचे स्क्रू आहेत आणि माझं स्टूल. म्हणून उजवीचेच आकडे उलटे करून डावीकडे चिकटवले. आमच्याकडे सगळे असंच करतात. रँडम लेसर तो, त्याला कसली डावी-उजवी!

सम्यकच्या सरकारी नोकरीची निवड पक्की झाली, फक्त मेडिकल बाकी आहे. महिनाअखेरीला. त्याच्या आईने सगळ्यांसाठी करंज्या पाठवल्या होत्या. मेडिकलची त्याला एवढी का धास्ती, कळत नाही. रात्र-रात्र झोपत नाही म्हणे. घोड्यासारखा तर आहे.

७ नोव्हेंबर

घाटकोपरला मेट्रोत सम्यक भेटला. मी मुलुंडहून येते, तो तिथेच चढतो, मग अंधेरीपर्यंत बडबड. आज तो दरवाज्यावरचा स्टेशनांचा नकाशा एक डोळा मिटून बघत होता. मग दुसरा मिटून. म्हटलं, काय रे, कुणाला डोळा मारतोयस? तर म्हणाला, उजव्या डोळ्यात दोन-तीन दिवस काहीतरी धुरकट आहे. मध्येच. पुसलं तरी जात नाही.

मी म्हटलं, झोप जरा.

८ नोव्हेंबर

सकाळी दात घासताना डोक्यात आलं आणि ब्रश तसाच तोंडात राहिला.

आमचे चष्मे हिरवा अडवतात. फक्त हिरवा! नारिंगी त्यातून आरपार जातो. सरांनी ते मुद्दाम तसे मागवलेत, कारण नारिंगी दिसला नाही तर प्रयोग काय चाललाय ते कळणार कसं? आणि आमच्याकडे पहिल्या दिवसापासून शिकवतात की हिरव्याला भ्यायचं, नारिंगीला नाही. नारिंगी चहूकडे पसरतो, कुणा एकाच्या वाट्याला चिमूटभर येतो, त्याने काय होणार. हे खरंच होतं. सोमवारपर्यंत खरं होतं.

सोमवारी मी त्याला पसरू दिलं नाही.

कॉम्प्युटरच्या टेबलापुढचा काळा पडदा वर बांधलेला असतो, कारण तो सोडला की एसीची हवा तिकडे जात नाही. शर्टावर डाग होता. शर्टापासून डोळे किती लांब? तो खाली वाकून की-बोर्डवर काहीतरी टाइप करत होता. मला आठवतंय. मी टाळ्या वाजवत होते ना, आठवणारच.

९ नोव्हेंबर, रविवार

हिशेब केला. एका झटक्यात किती उजेड, केवढ्या कोनात पसरला, त्याच्या खुर्चीशी किती उरला, बुबुळातून आत किती गेला. गोल ठिपका असता तर काहीच नाही, निर्धास्त. पट्टी आणि असमान गेन धरला तर डोळ्याला सोसेल त्या मर्यादेच्या कितीतरी वर. कुठेतरी शून्य चुकलं असेल म्हणून पुन्हा केला. मग तिसऱ्यांदा. माझा गणितात असा कधी हात बसत नाही, आजच बसला.

आईने विचारलं, "काय झाला गो? तोंड कित्याक असा उतारला?" पित्त झालंय म्हटलं. तिने आमसुलाचं पाणी दिलं. प्यायले.

११ नोव्हेंबर

सरांना सांगितलं की फिकट-गडद काचेवर ओरखडा पडलाय, नवी येईपर्यंत पट्टी बंद. साफ खोटं. काच माझ्या ड्रॉवरमध्ये रुमालात गुंडाळून ठेवली आहे. सर वैतागले. मग सहज विचारावं तसं विचारलं, सर, रँडम लेसरने कुणाच्या डोळ्याला काही झाल्याचं ऐकलंय? ते हसले. म्हणाले, "अगं, तो बल्ब आहे. बल्बने कुणाचा डोळा जातो का?"

मला त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि काच ड्रॉवरमध्येच राहू दिली.

१२ नोव्हेंबर

सम्यक आज म्हणाला, जिन्याच्या पायऱ्यांची कड वाकडी दिसते. हसत म्हणाला! त्याला वाटतं चष्म्याचा नंबर आलाय. मेडिकलच्या आधी चष्मा करून घेतो म्हणाला. मी मान डोलावली. मी काय करतेय?

सांगायचं. उद्या सांगायचं.

१३ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

१४ नोव्हेंबर

मला नेमकी कसली भीती वाटते ते आज लिहूनच काढते. त्याचा डोळा गेला असेल, ही एक. ही खरी. पण हिच्या पाठीमागे दुसऱ्या उभ्या आहेत, आणि त्या मला जास्त घाबरवतात. तो माझ्याकडे कसा बघेल. प्रयोगशाळेला कुलूप लागेल. पाच वर्षं पाण्यात. सर म्हणतील, मला विचारून काच घातली होतीस का? त्याचा डोळा आणि माझी पीएचडी मी एकाच तराजूत घालून बसले आहे. आणि डोळ्याचं पारडं लगेच खाली जात नाही, ही सगळ्यात भयंकर गोष्ट. मी एवढी वाईट आहे हे मला माहीत नव्हतं.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एकदा चट्टा पडला की तो भरत नाही. सगळीकडे हेच लिहिलंय. मी सारखं तेच वाचते. डोळे चुरचुरायला लागले वाचून-वाचून.

१६ नोव्हेंबर, रविवार

सम्यकच्या घरी जेवायला गेले. जायचं नव्हतं, पण त्याच्या आईने स्वतः फोन केला. द्रौपदीकाकू अकोल्याकडच्या. तीसेक वर्षं घाटकोपरला आहेत, तरी भाषा तिकडचीच. वांग्याची भाजी आणि भाकरी केली होती.

जेवणाआधी त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली. सम्यक हात जोडून उभा होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्याने एक डोळा मिटला. मग म्हणाला, आई, ज्योत मधूनच वाकलेली दिसते. काकूंना वाटलं चेष्टा करतो.

भांडी विसळताना काकू हळूच म्हणाल्या, "याच्या डोळ्यात काय झालं म्हणतो, मले काही समजत नाही बाप्पा. पण तू हायस ना तिथं संगं. तू हायस म्हणून मले घोर नाही."

मी ताट धूतच राहिले.

१७ नोव्हेंबर

सांगितलं.

इन्स्टिट्यूटच्या मागे बदामाच्या झाडाखाली बाक आहे, तिथे. सगळं सांगितलं. पट्टी, काच, चष्मे, पडदा, माझा हिशेब, ड्रॉवरमधला रुमाल. भौतिकशास्त्रवालाच तो, त्याला समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी "पट्टी" म्हटल्यावरच त्याचा चेहरा पडला होता.

मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, आठ तारखेला.

"आणि काल माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लीस."

एवढंच. शिवी घातली असती तर बरं झालं असतं. उठला, थोडा पुढे गेला, परत आला. म्हणाला, सरांना सांगू नकोस, कागदावर आलं की मेडिकलला बोंब. मग स्वतःच म्हणाला, नाही, सांग. कुणी तरी उद्या त्या खुर्चीत बसेल. आणि निघून गेला. मेट्रोत आज मी एकटीच होते.

१८ नोव्हेंबर

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते पांढरे पडले. माझे हिशेबाचे कागद घेऊन बसले, पेन्सिलने एकेक ओळ तपासली, आणि शेवटी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "बरोबर आहे. बल्ब आहे असं मीच तुम्हाला शिकवलं." मग स्वतः उठून लेसरची किल्ली काढून खिशात घातली, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि सम्यकला स्वतःच्या गाडीतून घेऊन येतो म्हणाले. जाता-जाता दारात थांबून विचारलं, "गेन असमान होता ना? मग आलेखात दोन्ही बाजू सारख्या कशा आल्या?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली. या माणसाला अशा वेळी आलेख दिसतो!

उद्या सकाळी तपासणी. मीही जाणार. सम्यकने येऊ नको म्हटलेलं नाही. ये असंही म्हटलेलं नाही.

१९ नोव्हेंबर, सकाळ

आम्ही मालवणी माणसं अडलो की देवाला गाऱ्हाणं घालतो, उभ्याने, मोठ्याने, भांडल्यासारखं. बाबा दरवर्षी घालतात. मी आयुष्यात कधी घातलं नव्हतं. आज आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि म्हटलं, बा देवा म्हाराजा, सम्यकच्या डोळ्यार माझ्यामुळे काय इला असात तर ता दूर कर, आणि तुका कोणाचो तरी डोळो व्हयोच असात तर माझो घे. मागून आई "व्हय म्हाराजा" म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. कोण सम्यक, काय झालं, काही विचारलं नाही.

सम्यकला कळलं तर म्हणेल, माझ्यासाठी तुझ्या देवाला कशाला त्रास?

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

नाही! नाही, नाही, नाही! लेसर नाही!

अक्षर बघा काय आलंय. सांगते, सांगते. घाटकोपरला डॉक्टरबाईंनी त्याच्या डोळ्यात थेंब घातले, मग मशीनपुढे हनुवटी टेकवून बसवलं. पडद्याचे आडवे काप दिसतात त्यात, केकचे थर दिसावेत तसे. मी आणि सर बाहेर. सर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचत होते. मग बाईंनी आम्हाला आत बोलावलं.

पडद्याखाली पाणी साचलंय. चट्टा नाही, जळल्याची खूण नाही. पाण्याने पडदा उचलला जातो म्हणून सरळ रेघा वाकड्या दिसतात. जळालं असतं तर रेघ वाकली नसती, तिथे तुटलीच असती. ताण घेणाऱ्या, न झोपणाऱ्या पोरांना होतं म्हणाल्या. बहुतेक वेळा आपोआप उतरतं. मेडिकल वाटलं तर पुढे ढकलता येईल, त्या पत्र देतील. सम्यकने विचारलं, नक्की लेसर नाही? बाई म्हणाल्या, "नक्की. तू झोप आधी."

तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि रडला. मी शेजारी बसले. त्याने माझा हात हातात घेतला, मग सोडला. म्हणाला, "तरी मी अजून चिडलेलो आहे हां." मी म्हटलं, चीड. जन्मभर चीड.

डॉक्टरबाई हुशार. लेसरचं काम करता आणि पडदा कधी तपासला नाही? असं म्हणून सरांना आणि मलाही त्याच मशीनवर बसवलं. आता सवडीने फोटो नीट पाहते, काही असलं तर फोन करते म्हणाल्या. थेंबांमुळे अजून सगळं भगभगीत दिसतंय. आईने खीर केली. विचारलं नाही अजूनही. मीच सांगितलं. दोन वाट्या खाल्ल्या.

२० नोव्हेंबर

गाढ झोपले. कित्येक दिवसांनी.

सर म्हणाले, घाबरून बंद ठेवायचं नाही, शहाण्यासारखं चालू करायचं. दोन्ही रंग अडवणारे चष्मे शेजारच्या लॅबमधून आणले. काळा पडदा सोडला. एसी मरू दे! सगळे पडद्याबाहेर, आत फक्त मीटर. आणि सरांनी सांगितलेलं काम केलं, डावी बाजू मोजली. माझं स्टूल काढलं, स्क्रूंच्या मागे मीटर बसवला.

आकडा उजवीच्या जवळपास चौपट!

आधी वाटलं मीटर बिघडला. मग लक्षात आलं, असंच व्हायला हवं. पट्टीला टोकं दोन. जास्त पेटलेलं टोक डावीकडचं. उजवीकडे जाणाऱ्या उजेडाला शेवटी कमी पेटलेल्या भागातून जावं लागतं, तिथलं द्रावण त्याला पिऊन टाकतं. डावीकडे जाणारा उलट वाढत-वाढत बाहेर पडतो. म्हणजे गेन असमान केला की उजेड नुसता दिशा धरत नाही, तो बाजू निवडतो! इतके दिवस मी त्याची उरलेली बाजूच मोजत होते. आरशातला आलेख चिकटवून मी खरी गोष्टच झाकली होती. सर एवढे खूश झाले की स्वतः वडापाव घेऊन आले. सम्यक आलेख बघून म्हणाला, बघ, मी गरीब बाजूला बसलो होतो म्हणून वाचलो. पहिल्यांदा हसला माझ्याशी.

पेपर आता खरा पेपर होणार. मी फार खूश आहे. लिहून ठेवते, कारण हे असं वाक्य मी क्वचितच लिहिते.

२१ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंचा फोन आला. सर ठीक आहेत. मला विचारलं, कामाच्या वेळी तू कुठे बसतेस? मी म्हटलं, डावीकडे, स्क्रूंपाशी, वाकून. त्यांनी उजवा डोळा पुन्हा बघायला उद्याच यायला सांगितलं. मग म्हणाल्या, दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून तुला कळलं नसेल.

डावा डोळा हाताने झाकून हे लिहितेय. ज्या अक्षरावर नजर ठेवते ते दिसतं. त्याच्या शेजारचं दिसत नाही.